एक वाटी तांदूळ म्हणजे किती ग्रॅम?

तांदूळ आपण घेतो किलोने आणि शिजवतो वाटीने. पिशवीवर वजन छापलेलं असतं, वाटीवर काहीच लिहिलेलं नसतं. यूट्यूबवरची पाककृती कपात सांगते, आहारतज्ज्ञांनी दिलेला कागद ग्रॅममध्ये बोलतो, आणि राइस कुकरबरोबर आलेलं प्लास्टिकचं माप यांतल्या कशाशीच जुळत नाही. रोजच्या वरण-भाताचं यामुळे काही अडत नाही. पण पंगत वाढली, परदेशातल्या घरात नवा कुकर आला किंवा घरात कुणाला साखर निघाली आणि ताटातला भात मोजायची वेळ आली, की हे गणित दारात येऊन उभं राहतं.

आधी उत्तर, मग कारणं. कच्च्या, कोरड्या तांदळाचं माप मिलिलिटरमध्ये घ्या आणि त्याला ०.८ ने गुणा, आलं वजन ग्रॅममध्ये. उलट जायचं असेल तर ग्रॅमला १.२५ ने गुणा, म्हणजे सव्वापट करा. २४० मिलीचा कप असेल तर साधारण १९० ग्रॅम, २५० मिलीचा असेल तर २००, राइस कुकरचं १८० मिलीचं माप असेल तर १४५ ते १५०, आणि १५ मिलीचा मोठा चमचा असेल तर १२ ग्रॅम. पाव किलो तांदूळ म्हणजे ३०० मिलीच्या जरा वर, अर्धा किलो म्हणजे सव्वासहाशे मिली. घरच्या स्वयंपाकाला एवढं पुरतं. पुढचं वाचायचं ते हा आकडा कुठे चुकतो आणि चुकला की भाताचं काय होतं, हे कळण्यासाठी.

०.८ हा आकडा आला कुठून

तांदळाचा दाणा पाण्यात टाकला की बुडतो, कारण तो पाण्यापेक्षा जड आहे. एकसंध तांदूळ, मध्ये जराही पोकळी न ठेवता लिटरच्या मापात भरता आला असता, तर त्याचं वजन सुमारे एक किलो ४०० ग्रॅम किंवा किंचित जास्त भरलं असतं. प्रत्यक्षात लिटरभर तांदूळ ८०० ग्रॅमच्या आसपास भरतो. उरलेली जागा हवेची. दाणे एकमेकांना टेकून बसतात पण चिकटून बसत नाहीत, त्यामुळे मापातली चाळीस ते पंचेचाळीस टक्के जागा नुसती फटींची असते.

हे घरी पाहता येतं. एका मापात काठापर्यंत तांदूळ भरा, वरून सपाट करा आणि मोजून घेतलेलं पाणी हळूहळू ओता. लिटरच्या मापात चारशे मिलीच्या वर पाणी जातं, तरी पातळी तांदळाच्या वर येत नाही. मध्येच बुडबुडे येतात ती फटींतून बाहेर पडणारी हवा. पाणी ओतून झाल्यावर फार वेळ थांबू नका, कारण तांदूळ लगेच पाणी प्यायला लागतो आणि मग हिशेब बिघडतो.

म्हणजे वाटीने तांदूळ मोजताना आपण तांदूळ आणि हवा दोन्ही मोजत असतो. वजनकाटा फक्त तांदूळ मोजतो. दोघांत घोळ होतो तो या हवेपायी, कारण हवा किती राहील हे दाण्याच्या आकारावर, भरणाऱ्याच्या हातावर आणि भांड्याच्या तोंडावर ठरतं.

दाण्याचं आधी. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटकांच्या तक्त्यात लांब दाण्याच्या पांढऱ्या तांदळाचा एक कप १८५ ग्रॅम धरला आहे, मध्यम दाण्याचा १९५ आणि आखूड दाण्याचा २००. लांब सडपातळ दाणे आडवेतिडवे पडतात आणि मध्ये जागा सोडतात, आखूड गोलसर दाणे दाटीने बसतात. आपल्याकडे याच न्यायाने बासमतीची वाटी जरा हलकी भरते, आणि आंबेमोहर, आजऱ्याचा घनसाळ किंवा जिरेसाळ यांची जरा जड. फरक कपामागे दहा-पंधरा ग्रॅमचा, म्हणजे सात-आठ टक्क्यांच्या आतला. चार माणसांच्या भातात तो कळणारही नाही. पोतंभर तांदळाच्या हिशेबात मात्र कळतो.

नवा-जुना तांदूळ, उकडा-सुरय (म्हणजे न उकडलेला), यांनी मापाचं वजन फारसं हलत नाही. त्यांचा परिणाम होतो तो पाणी किती घालायचं यावर. ती वेगळी गोष्ट आहे आणि लोक नेहमी तिची या गणितात गल्लत करतात.

शीग नावाचं प्रकरण

दाण्याच्या जातीपेक्षा कितीतरी मोठा घोळ घालते ती शीग. माप काठापर्यंत भरून वरून हात फिरवला तर एक उत्तर, शिगोशीग भरलं तर दुसरं. किती दुसरं, हे एकदा आकड्यांत बघण्यासारखं आहे.

तांदळाचा ढीग साधारण तीस अंशांच्या उतारावर स्थिर होतो, त्याहून उभा रचला की दाणे घरंगळतात. आता भाजी वाढायची एक पसरट वाटी घ्या, तोंड नऊ सेंटिमीटर रुंद आणि काठापर्यंत मावणारं पाणी १५० मिली. तिच्यावर शीग लावली तर मधोमध ढीग अडीच सेंटिमीटरच्या वर चढतो आणि शंकूच्या घनफळाच्या सूत्राने त्यात सुमारे ५५ मिली तांदूळ बसतो. काठावरून थोडे दाणे घरंगळतात म्हणून हातात थोडा कमी येईल, पण वाटीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा तांदूळ काठाच्या वर उभा आहे हे खरं. आता पाणी प्यायचा उभा पेला घ्या, तोंड साडेसहा सेंटिमीटर, माप २५० मिली. त्याच्यावरची शीग वीस मिलीच्या आसपास भरते, म्हणजे जेमतेम आठ टक्के.

म्हणून कुणी 'दोन वाट्या तांदूळ घे' म्हटलं, की कोणती वाटी याच्याही आधी विचारायचा प्रश्न सपाट की शीग लावून, हा असतो. पाण्याला शीग लावता येत नाही. तांदूळ शिगोशीग आणि पाणी काठापर्यंत असं मोजलं, की कागदावरचं एकास दोन हे प्रमाण त्या पसरट वाटीत एकास दीडवर येऊन बसतं. 'मी नेहमीसारखंच पाणी घातलं तरी भात कोरडा झाला' या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं.

माप आपटून भरणं हाही त्यातलाच प्रकार. वाटी ओट्यावर दोन-तीनदा ठोकली की दाणे खाली बसतात आणि पाच-सात टक्के तांदूळ सहज जास्त मावतो. धान्य मापाने विकलं जायचं तेव्हा विकणारा हलक्या हाताने ओतायचा आणि घेणारा माप हलवून बघायचा, ते उगाच नव्हे.

शेर, पायली आणि काटा

आपल्याकडची जुनी धान्याची मापं घनमापं होती. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. पायलीचं भांडं गावागणिक कमी-जास्त असायचं, त्यामुळे एका तालुक्यातली पायली दुसऱ्या तालुक्यात चालेलच असं नाही. त्यात शेर हा शब्द वजनालाही होता. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, तो काट्यावरचा. मापाचा शेर वेगळा, त्यात तांदूळ घातला तर एक वजन, ज्वारी घातली तर दुसरं, बाजरी घातली तर तिसरं. घरातल्या एखाद्या जुन्या वहीत 'शेरभर तांदूळ' असं लिहिलेलं सापडलं, तर तो कोणता शेर हे संदर्भावरून ओळखावं लागतं. धान्यासाठी बहुधा मापाचा, साखर, गूळ, तूप यांच्यासाठी बहुधा वजनाचा. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली, १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने बाजारात उतरली, आणि दुकानातला तांदूळ किलोवर गेला. स्वयंपाकघरातली वाटी मात्र जागची हलली नाही.

शेतकऱ्याच्या घरात हे गणित आणखी एक पायरी वर सुरू होतं. सालासकट भात तांदळापेक्षा पुष्कळ हलकं असतं, लिटरला साडेपाचशे ते सहाशे ग्रॅम. सरकारी खरेदीत १०० किलो भातापासून ६७ किलो कच्चा तांदूळ मिळावा असा दंडक आहे. वजनात दोन तृतीयांश उरतो. पण तेच मापात बघितलं तर १०० किलो भात जवळपास १७० लिटर जागा घेतं आणि त्यातून निघणारा ६७ किलो तांदूळ साधारण ८४ लिटर. मापाने निम्मा. गिरणीवर दोन पोती नेली आणि एक घेऊन आलो, असं वाटतं ते याच हिशेबाने.

कप किती मोठा

अमेरिकी कप २३७ मिलीचा, त्यांच्या पाकिटांवरच्या पोषणतक्त्यात तो २४० धरतात. ऑस्ट्रेलियात कप म्हणजे २५० मिली. भारतात मिळणारे मापाचे कप-चमचे कधी २४० चे असतात, कधी २५० चे, उलटं करून बुडाशी बघावं. आपला चहाचा कप यांतला कुठलाच नसतो, तो बहुधा १०० ते १५० मिलीत आटपतो. २४० आणि २५० यांत तांदळाचा फरक आठ ग्रॅमचा, तो विसरा. चहाच्या कपाने मोजलं तर मात्र निम्म्यावर याल.

सगळ्यात जास्त गोंधळ राइस कुकरच्या मापाचा. ते बहुतेक वेळा १८० मिलीचं असतं, कारण ते जपानहून आलंय. तिथे तांदूळ मोजायचं जुनं माप 'गो' म्हणजे १८० मिली, त्यात साधारण दीडशे ग्रॅम तांदूळ मावतो. दहा गोंचा एक शो, आणि हजार गोंचा एक कोकु, म्हणजे सुमारे दीडशे किलो, एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ असं गृहीत धरलेलं. एके काळी तिथल्या सरदारांची दौलत कोकुत मोजायचे आणि दहा हजार कोकुंचा मुलूख असला तरच त्याला डाइम्यो म्हणायचे. त्या मापाचा हजारावा हिस्सा आज न्यू जर्सीपासून पुण्यापर्यंत ओट्याच्या खणात पडलेला असतो आणि लोक त्याला 'लहान कप' म्हणतात.

कुकरच्या भांड्यातल्या आतल्या रेषा याच मापाला जुळवलेल्या असतात. २ ची रेष म्हणजे कुकरच्या मापाने दोन मापं तांदूळ घातल्यावर पाणी इथपर्यंत. माप हरवलं म्हणून अमेरिकी कपाने दोन कप तांदूळ घातला आणि पाणी २ च्या रेषेपर्यंत भरलं, तर तांदूळ तिसऱ्या हिश्शाने वाढतो आणि त्याने जागा अडवल्यामुळे पाणी उलट कमी पडतं. भात कच्चा राहतो आणि दोष कुकरला मिळतो. माप हरवलंच असेल तर सोपं आहे, २४० मिलीच्या कपाचा पाऊण कप म्हणजे बरोबर १८० मिली.

प्रमाण बदललं की पाणी चुकतं

आता या सगळ्यातला खरा फसवा भाग. 'एकास दोन पाणी' हे प्रमाण आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण ते मापाचं प्रमाण आहे, वजनाचं नाही. एक वाटी तांदूळ आणि त्याच वाटीने दोन वाट्या पाणी. वाटी लहान असो, मोठी असो, दोन्हीकडे तीच असल्यामुळे तिचा आकार हिशेबातून निघून जातो. घरातल्या बाईला ग्रॅम कधी लागले नाहीत ते म्हणूनच. पद्धत अडाणी नव्हती, चोख होती.

काटा आला की हेच प्रमाण वजनाला लावायचा मोह होतो. अर्धा किलो तांदूळ, एक लिटर पाणी, झालं एकास दोन! पण अर्धा किलो तांदूळ मापाने ६२५ मिली होतो. त्याला एक लिटर पाणी म्हणजे मापाचं प्रमाण एकास एक पूर्णांक सहा. भिजवलेल्या बासमतीला ते चालून जाईल, जुन्या कोलमला नाही. शीत बोटांत दाबून पाहिलं की मध्ये कणी लागणार. मापाचं एकास दोन वजनात उतरवायचं तर एकास अडीच होतं, अर्ध्या किलोला सव्वा लिटर. वजनातलं प्रमाण मापात न्यायचं असेल तर ०.८ ने गुणा. ग्रॅममध्ये लिहिलेली परदेशी पाककृती २०० ग्रॅम तांदळाला ३०० ग्रॅम पाणी म्हणाली, तर आपल्या वाटीच्या भाषेत ते एकास एक पूर्णांक दोन झालं. एवढं कमी पाणी बघून घाबरू नका आणि बिनदिक्कत वाढवूही नका, आधी तांदूळ कोणता आणि झाकण किती घट्ट ते बघा.

कारण पाण्याचे दोन वाटे होतात. एक तांदूळ पितो, दुसरा वाफेने उडून जातो. पिण्याचा वाटा तांदळाच्या प्रमाणात वाढतो. उडण्याचा वाटा भांड्याच्या तोंडावर, झाकणावर, आचेवर आणि वेळेवर ठरतो, तांदूळ किती आहे यावर फारसा नाही. २०० मिलीची एक वाटी तांदूळ म्हणजे १६० ग्रॅम. मोकळा भात कच्च्या तांदळाच्या पावणेतीनपटीच्या जरा वर भरतो, म्हणजे या तांदळाने २९० मिलीच्या आसपास पाणी धरून ठेवलं. घातलं होतं ४००. उरलेलं शंभर-एकशेदहा मिली पातेल्यातून उडालं. आता दहा वाट्या तांदूळ घेतला तर पिण्याचा वाटा २,९०० मिली होईल, पण वाफ काही दहापट, म्हणजे लिटरच्या वर उडणार नाही. मोठ्या पातेल्यात अर्धा लिटर उडाली असं धरलं तरी ३,४०० मिली पाणी पुरतं, म्हणजे वीस नव्हे, सतरा वाट्या. कार्यात मसालेभात करणारे आचारी मोठ्या डेगीला हात राखून पाणी घालतात आणि बाजूला आधण ठेवतात, लागलं तर घालायला. त्यांचं गणित तोंडी असतं, पण हेच असतं.

प्रेशर कुकरमध्ये डब्यात भात लावला तर त्या डब्यातलं पाणी जवळजवळ सगळं आतच राहतं. तेच एकास दोन तिथे मऊ, वरण कालवायला बरा असा भात देतं आणि उघड्या पातेल्यात मोकळा. मोकळा पुलाव कुकरमध्ये करायचा असेल तर पाणी आधीच कमी धरायला हवं.

कुठे काटा लागतो, कुठे नाही

सगळीच प्रमाणं अशी बिघडत नाहीत. इडलीला तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी उडदाची डाळ घेतो, तिथे वाटीच्या जागी वजन वापरलं तरी फार फरक पडत नाही, कारण उडदाची डाळ आणि तांदूळ मापाला जवळजवळ सारखेच जड. ७५० ग्रॅमला २५० ग्रॅम घ्या, खुशाल. खिचडीच्या मूगडाळीचंही तसंच. कोरडं धान्य आणि कोरडं धान्य यांचं प्रमाण एकमेकांत बदलता येतं. धान्य आणि पाणी यांचं बदलता येत नाही.

पीठ तर फारच लहरी. मोदकाच्या उकडीला जितकं पीठ तितकं पाणी, असं वाटीने सांगतात. २४० मिलीच्या कपात तांदळाची पिठी दीडशे-एकशेसाठ ग्रॅम भरते, पाणी २४०. वजनाने बघितलं तर पाणी दीडपट झालं. शिवाय चाळलेली पिठी भुरभुरीत असते, डब्यात महिनाभर दाबून बसलेली पिठी घट्ट असते, आणि त्याच वाटीत वीस-तीस ग्रॅमचा फरक सहज पडतो. एखाद्या वर्षी उकड सैल, एखाद्या वर्षी मोदकाला चिरा, याचा उलगडा बरेचदा इथे होतो. कणखर मत द्यायचं तर असं, की रोजच्या भाताला काटा आणू नये आणि उकडीला तो जरूर आणावा. एकदा बसलेल्या उकडीची पिठी आणि पाणी ग्रॅममध्ये लिहून ठेवलं की पुढच्या चतुर्थीला वाटी शोधत बसावं लागत नाही.

पोहे, चुरमुरे यांना ०.८ लावूच नका. तांदूळच असले तरी ते चपटे केलेले आणि फुलवलेले आहेत, त्यांत हवाच जास्त.

भिजवलेला तांदूळही मापू नये. भिजताना दाणा आपल्या वजनाच्या पाव हिश्शाएवढं, कधी जास्तही पाणी पितो, फुगतो, शिवाय दाण्यांना चिकटलेलं पाणी वेगळं. धुऊन निथळायला ठेवलेल्या तांदळाची वाटी भरून 'हे १६० ग्रॅम' म्हटलं तर त्यात पाणीच कितीतरी असतं. मोजायचं ते कोरडं असताना, धुण्याआधी. आणि भिजवलेला तांदूळ पुरता निथळून घेतला असेल तर वरून घालायचं पाणी थोडं कमी करा, कारण काही त्याने आधीच घेतलंय.

शिजलेल्या भाताचा हिशेब स्वतंत्र आहे. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३६५ किलोकॅलरी, १०० ग्रॅम शिजलेल्या भातात १३०. तांदूळ बदलला नाही, त्यात पाणी आलं. साखरेवर लक्ष ठेवणाऱ्यांनी तक्ता वाचताना तो कच्च्याचा की शिजलेल्याचा हे आधी बघावं, नाहीतर ताटातला भात कागदावर पावणेतीनपट होतो किंवा तेवढाच कमी. मापाने बोलायचं तर लांब दाण्याच्या मोकळ्या भाताचा २४० मिलीचा कप १५८ ग्रॅमचा, मध्यम दाण्याच्या चिकटसर भाताचा १८६ चा. १५० मिलीच्या वाटीत मोकळा भात १०० ग्रॅमच्या आसपास बसतो. त्याच वाटीत इंद्रायणीचा मऊ भात दाबून मूद पाडली, तर ती बघायला तेवढीच दिसते, भरते मात्र वीसेक ग्रॅमने जास्त.

आपली वाटी एकदा मोजून ठेवा

काटा असेल तर काम मिनिटभराचं. रिकामी वाटी ठेवा, आकडा शून्यावर आणा, नेहमीचा तांदूळ नेहमी भरता तसाच भरा, दोन-तीनदा करून मधला आकडा घ्या. एक सावधगिरी: बऱ्याच डिजिटल काट्यांवर 'मिली' असंही बटण असतं. ते फक्त पाण्यासाठी, फार तर दुधासाठी. तांदूळ ठेवून ते दाबलं तर २०० ग्रॅमला तो २०० मिली दाखवेल. खरं माप २५० आहे.

काटा नसेल तरी अडत नाही. दुकानातून आणलेली किलोची बंद पिशवी फोडा आणि ती रिकामी होईपर्यंत वाट्या मोजा. सव्वासात वाट्या भरल्या तर १००० भागिले ७.२५, म्हणजे १३८ ग्रॅमची वाटी. एकच वाटी मोजण्यापेक्षा हे जास्त भरवशाचं, कारण एखादी वाटी कमी-जास्त भरली गेली तरी ती सातांत विरून जाते. वाटीचं मिलीतलं माप हवं असेल तर लिटरच्या बाटलीतल्या पाण्यावर तोच प्रयोग करा. दोन्ही आकडे तांदळाच्या डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून टाका. तांदळाची जात बदलली तर पुन्हा मोजायची गरज फारशी नाही. वाटी बदलली तर आहे.

हाच हिशेब भांडी निवडायलाही उपयोगी पडतो. दहा किलो तांदूळ ठेवायला डबा किती लिटरचा हवा? सव्वापट, म्हणजे साडेबारा, आणि हात घालून काढायला जागा ठेवायची तर पंधरा. पंचवीस किलोच्या पोत्याला एकतीस लिटरच्या वर. दहा लिटरचा डबा घेऊन आलात तर दोन किलो तांदूळ पिशवीतच राहणार.

शंभर पानांचं जेवण आहे, पोळी, भाजी, गोड सगळं आहे आणि भात शेवटचा. माणशी ६५ ग्रॅम धरला तर साडेसहा किलो तांदूळ, कोरडा सव्वाआठ लिटरच्या आत. शिजून तो अठरा किलोच्या आसपास जातो आणि मोकळा भात म्हणून सत्तावीस-अठ्ठावीस लिटर जागा घेतो. ढवळायला वर मोकळी जागा हवी, भाजी-मसाला घालायचा असेल तर आणखी हवी, तेव्हा भाड्याने पातेलं आणताना चाळीस लिटरचं मागा. तीस लिटरच्यात भात मावेल, पण उलथणं फिरवताना तो खाली सांडेल.